त्या फोटोतले आजोबा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या दत्तजयंतीचा वृत्तांत याच पत्रात आला होता. त्यात मांडवाच्या पायरीवर बसलेल्या एका आजोबांचा फोटो होता. डोक्याला मफलर, हातात प्रसादाचं केळं, डोळे मिटलेले. खालची ओळ आम्हीच लिहिली होती, 'प्रकृती साथ देत नसतानाही ज्येष्ठांनी दर्शनाचा लाभ घेतला.' गोव्यापासून इंदूरपर्यंतच्या गटांतून त्या फोटोला हात जोडलेली चित्रं आली. एका ताईंनी 'केवढी ही निष्ठा' असं लिहून पाठवलं. आम्हाला फार बरं वाटलं होतं.

ते आजोबा दर्शनाला आलेच नव्हते. चूक या पत्रातून सगळीकडे गेली, म्हणून खुलासाही इथेच करतो आहोत.

झालं असं. आजोबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. गेल्या वर्षी दत्तजयंती शनिवारी होती. चार तास मशीनवर पडून राहायचं, मग सुईची जागा दाबून धरायची, रक्तदाब पाहायचा, आणि पाच-साडेपाचच्या सुमाराला सून त्यांना रिक्षाने घरी आणते. मशीनवरून उठलेल्या माणसाच्या अंगात त्राण राहत नाही. पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच वेळी पालखी परतत होती. सूर्यास्ताला जन्मकाळ, त्याआधी पादुका मांडवात यायला हव्यात म्हणून सगळ्यांची घाई. गल्लीच्या तोंडाशी आपला मांडव आडवा, बाजूला चपलांचा ढीग, पलीकडे जनरेटर. रिक्षा आली तेव्हा आपल्या सेवेकऱ्यांनी हात करून थांबवली. "दहा मिनिटं थांबा, पालखी येतेय." त्यांचंही काही चुकलं नाही, त्यांना तसंच सांगितलेलं होतं. दहाची पंचवीस मिनिटं झाली. रिक्षावाल्याला दुसरं भाडं होतं, तो उतरवून निघून गेला. सून सासऱ्यांना धरून भिंतीच्या कडेकडेने निघाली. मांडवाशी आल्यावर त्यांचे पाय चालेनात, पायरी दिसली, तिथे ते बसले.

आणि आम्ही काय केलं? कुणी म्हणालं, बघा, या वयात आले. कुणी अंगारा लावला. कुणी शहाळ्याचं पाणी पुढे केलं, कुणी केळं हातात दिलं. डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यायचं असतं. केळं आणि शहाळं तर त्यांना डॉक्टरांनी बंदच केलेलं. नको म्हणायला तोंड उघडावं एवढी ताकद नव्हती. सून 'नको, नको' म्हणत होती म्हणे, पण टाळ-मृदंग ऐन रंगात होते. आम्हाला वाटलं, संकोच करतेय. मग फोटो.

हे आम्हाला कळलं चैत्रात. हळदीकुंकवाला ती सून आली होती. पन्हं देता देता आमच्यापैकी एकीने कौतुकाने विषय काढला, तुमच्या आजोबांचा फोटो बघ कुठे कुठे पोचला. ती हसली, आणि मग हळूच म्हणाली, "त्यांना चालवत नव्हतं ओ काकू. बसायला जागा दिसली, बसले."

"अगं, मग तेव्हाच सांगायचं नाहीस का?"

"देवाचं काम चाललेलं. कसं सांगायचं?"

हे उत्तर तेव्हापासून आमच्या डोक्यातून जात नाही. लग्नाच्या वरातीने रस्ता अडवला असता तर ती भांडली असती. चांगली भांडते ती, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पाण्याच्या टँकरवाल्याला तिने रस्त्यात उभं करून ऐकवलेलं आम्ही पाहिलं आहे. आमच्यापुढे ती गप्प राहिली, कारण आमच्या खांद्यावर पादुका होत्या. तक्रार केली तर ती आमच्याविरुद्ध न होता महाराजांविरुद्ध होते. गल्लीत कोण म्हणवून घेईल तसं? आणि आम्ही वर्षानुवर्षं बैठकीत सांगत आलो, की शेजाऱ्यांची कधी एक तक्रार नाही, सगळ्यांचं सहकार्य असतं.

बेळगावात राहणाऱ्याला मिरवणूक नवी नाही. शिवजयंतीचे चित्ररथ रात्र रात्र चालतात. अनंत चतुर्दशीला हुतात्मा चौकातून निघालेली मिरवणूक कपिलेश्वर तलावाला संपेपर्यंत कित्येकदा दुसऱ्या दिवसाची दुपार होते. आमच्यापैकी एकीचं माहेर रामलिंगखिंड गल्लीकडचं, तिची आई त्या रात्री कपाटातली काचेची भांडी खाली काढून ठेवते. डीजेने खिडक्या हादरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून बसतात, यावर आपण सगळ्याच पोटतिडकीने बोलतो. बोलायलाच हवं. पण ते बोलताना आपल्या मनात एक वाक्य असतंच की, आपलं तसं नाही. आपल्याकडे टाळ-मृदंग, शिस्त, बायका-मुली पुढे, दहाच्या आत माईक बंद.

रिक्षा अडलेल्या माणसाला पुढे डीजे आहे की मृदंग, याने काय फरक पडतो?

परवानग्या आपल्याकडे सगळ्या होत्या. मांडवाची, माईकची, मिरवणुकीची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी एका निकालात सांगितलं होतं, की दुसऱ्याची शांती मोडून प्रार्थना करावी असं कोणताच धर्म शिकवत नाही. आम्ही नियम पाळतो याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो खोटा नाही. पण परवानगी आपण साहेबांकडे मागितली होती. ज्यांच्या दारात मांडव घातला त्यांच्याकडे पत्रिका दिली, 'सहकुटुंब यावे' म्हणून. विचारलं कुणालाच नाही.

यावर आपल्याच एका ज्येष्ठ काकांचं म्हणणं असं, की वर्षातून एक दिवस सहन करायला काय होतं? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? त्यांचं बोलणं आम्ही उडवून लावत नाही. ज्या गावात सणाला रस्ता कधीच अडत नाही, ते गाव आम्हालाही नको. दत्तजयंतीच्या रात्री आमच्या गल्लीत दहा-बारा वर्षांच्या मुली दहा वाजेपर्यंत बिनधास्त फिरतात, एरवी सातनंतर आया त्यांना सोडत नाहीत. फुलवालीचं, लाह्या-बत्ताशावाल्याचं चार पैशाचं काम होतं. एकमेकींकडे वर्षभर न गेलेल्या बायका एका ताटावर लाडू वळतात. हे सगळं खरं आहे.

पण तो एक दिवस आपला झाला. गल्लीचे किती होतात, ते एकदा बसून मोजलं. गणपती, शिवजयंती, नवरात्रात पहाटेची दुर्गामाता दौड, आंबेडकर जयंती, उरूस, राज्योत्सव, वर निवडणुका, लग्नं आणि वाढदिवसाचे फटाके. प्रत्येकजण म्हणतो, आमचा एकच दिवस. आजोबांचं मशीन मात्र वर्षातून दीडशे वेळा. त्यातला एकही चुकवून चालत नाही. सहन करणं हे शेजाऱ्याने आपणहून द्यायचं दान आहे. आपण ते त्याच्या खिशातून काढून घेतलं आणि वर पावतीवर 'सहकार्य' लिहिलं, तर त्याला काय म्हणायचं?

पारायणात आपण नाथांची गोष्ट दरवेळी सांगतो. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. सांगताना आपला गळा दाटून येतो. पण त्यात नाथांनी आधी काय केलं? पाहिलं. याला तहान लागली आहे हे त्यांनी पाहिलं. कावड देवाची होती, पोचवायची घाई त्यांनाही असेल. आमच्या पायरीवर एक माणूस येऊन बसला आणि आम्हाला भक्त दिसला, कारण त्या दिवशी आम्हाला सगळीकडे भक्तच दिसत होते.

मग यंदा आषाढात बैठक घेतली. गरमागरमीची झाली, ते लपवत नाही. काका म्हणाले, "दारोदार विचारत बसलो तर उत्सव होतोय कशाला?" तरी आम्ही पाच-सहाजणींनी ठरवलं की पत्रिका वाटायच्या आधी एकदा हात हलवत जायचं. 'या' असं म्हणायचं नाही. एवढंच विचारायचं, त्या दिवशी तुमच्या घरी काय आहे?

एकेचाळीस घरं झाली. इतकी वर्षं इथे राहून जे कळलं नव्हतं ते तीन संध्याकाळींत कळलं. एक मुलगी दवाखान्यात रात्रपाळी करते, तिची झोप दुपारची, आणि आपला माईक तिच्याच खिडकीवर असतो. एका घरात लहान मुलगा आहे, त्याला मोठा आवाज झाला की तो कान दाबून पलंगाखाली शिरतो, दोन दिवस जेवत नाही. ते लोक गेली चार वर्षं दत्तजयंतीला संकेश्वरला नातेवाइकांकडे जाऊन राहतात. आम्हाला वाटायचं, काय हे, उत्सवाच्याच दिवशी कुलूप! दूधवाल्याची म्हैस मंडपाच्या दोरांमुळे मागच्या वाटेने न्यावी लागते. एका घराने स्पष्ट सांगितलं, आमच्या भिंतीला भोंगा नको. ती माणसं आपल्यातली नाहीत, आपल्या देवाचीही नाहीत. तिथून उठताना आमच्यातल्या दोघींचे चेहरे पडले होते. पण घरी येताना तिसरी म्हणाली, एकेचाळीस घरांत खरं बोलले ते हेच. भोंगा काढला आहे.

एका बाजूने आठ फूट वाट मोकळी राहील असा मांडव यंदा घालतो आहोत. चपला शाळेच्या कंपाउंडजवळ. माईक दुपारी चारनंतरच. हे सगळं तसं सोपं होतं.

अवघड निघालं ते निराळंच. यंदा दत्तजयंती गुरुवारी आहे, म्हणजे पुन्हा मशीनचा दिवस. तिथी आपल्या हातात नाही, दवाखान्याची वेळ त्यांच्या हातात नाही. मांडवाशेजारी वाट ठेवली तरी पालखी गल्लीत शिरली की रिक्षा आत येऊ शकत नाही, गल्लीच तेवढी आहे. तेव्हा आम्ही मांडलं, की रिक्षा घरापर्यंत जाईस्तोवर पालखी चौकात थांबवावी. पाच मिनिटं, दहा मिनिटं, जी होतील ती.

बैठक एकदम शांत झाली. पादुका थांबवायच्या? रिक्षासाठी? जन्मकाळ टळला तर? हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांची श्रद्धा आमच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, तीस वर्षं पालखीला खांदा देणारी माणसं आहेत. आम्हालाही आतून कसंसंच झालं. पालखी अर्धा तास लवकर काढायची, एवढ्यावर एकमत झालं. थांबण्याबद्दल सगळे 'हो' म्हणाले असं नाही. काका काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी येऊन पालखीच्या मार्गाचा कागद घेऊन गेले आणि चौकाच्या जागेवर पेन्सिलीने गोल करून परत दिला.

त्यानंतर आम्ही आजोबांकडे जाऊन आलो. माफी मागायला गेलो होतो, पण ते नीट जमलंच नाही, त्यांनी चहा टाकायला लावला. फोटोचं सांगितलं तर म्हणाले, "मफलर उसवलेला होता, तेवढा झाकायचा होता की." सून आतून म्हणाली, "आता केळं कुणी देऊ नका म्हणजे झालं."

आपल्या गटांतून तो फोटो कुणाकडे राहिला असेल तर कृपया काढून टाकावा.

बेळगाव केंद्रातल्या भगिनी-बंधूंसाठी: सेवेच्या तक्त्यात यंदा एक नवा रकाना आहे, 'सायं. ५ ते ५.३०, चौक, रिक्षा'. तिथे दोघं उभे राहायला हवेत, म्हणजे त्या दोघांना जन्मकाळाला मांडवात जागा मिळेलच असं नाही. एक नाव आलं आहे. दुसरं सोमवारपर्यंत कळवावं.