निरुपायाची सबब

सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस येऊन गेलेल्या ऑव्हिंग्टन नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें १६९६ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तेथील एका अजब आश्रयस्थानाची हकीकत दिली आहे. तेथें ढेकूण, पिसवा आदि जीवांचें पालन होई. आणि त्यांस ताजें रक्त मिळावें म्हणून एखाद्या गरीब मनुष्यास मोल देऊन रात्रभर खाटेवर निजवीत. वाचक हंसतील. परंतु १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनीं हुसेन खान नांवाच्या हिंवतापाच्या रोग्यास डांस चाववून दर डांसामागें एक आणा दिला, ही गोष्ट आपण आदरानें वाचतों. कारण त्याच डांसांच्या जठरांत रॉस यांस रोगाचा माग लागला. एके ठिकाणीं हेतु दयेचा, दुसऱ्या ठिकाणीं ज्ञानाचा. अंग मात्र दोन्ही ठिकाणीं मोलानें घेतलेलें.

डांसाची मादी अंड्यांसाठीं रक्त पिते. म्हणून प्रयोगशाळेंत डांसांची पैदास करावयाची तर कोणाचें तरी रक्त द्यावेंच लागतें. त्यासाठीं ससे किंवा गिनीपिग जखडून ठेवण्याची वहिवाट फार दिवसांची. १९१२ सालीं रोदँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आफ्रिकेंतील त्सेत्से माश्यांस पातळ पडद्याआडून रक्त पाजलें. १९६४ सालीं रटलेज प्रभृतींनीं त्याच कामासाठीं कांचेचें दुहेरी भिंतींचें पात्र वर्णिलें. भिंतींच्या पोकळींतून ऊन पाणी खेळतें, आंतील रक्त अंगाइतकें कोमट राहतें, आणि खालीं ताणलेल्या पडद्यास डांस सोंड लावतात. गोचिडांचें काम याहून बिकट. ते कित्येक दिवस एके जागीं चिकटून पितात. त्यांच्यासाठीं सिलिकोनचा पडदा करून, त्यावर जनावराचे केंस ठेवून, खालचें रक्त वरचेवर बदलावें लागतें.

येथें कोणी म्हणेल कीं, यांत दया ती काय झाली? पात्रांतलें रक्त पुष्कळदां कत्तलखान्यांतूनच येतें. वेदना केवळ दृष्टीआड झाली. आक्षेपांत तथ्य आहे. तथापि कत्तलखान्यांतील जनावर डांसांसाठीं मारलें जात नाहीं. ससा मात्र डांसांसाठींच जखडला जातो. जी वेदना आपण स्वतः निर्माण करतों तिचा जाब आधीं आपणांसच द्यावयाचा असतो.

शोधच बंद करावा, असें म्हणणाराही भेटेल. १९५७ सालीं म्हैसूर राज्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें मरूं लागलीं व माणसें तापानें फणफणलीं, तेव्हां पुण्याच्या विषाणुसंशोधन केंद्रानें त्या रोगाचा विषाणु व तो वाहणारे गोचीड हुडकून काढले. त्या रानांत लांकूडफाट्यास जाणाऱ्यांस, सशासाठीं शोध थांबवितों, असें आपण कोणत्या तोंडानें सांगावें?

आमच्या मतें या पात्राचें नैतिक महत्त्व निराळेंच आहे. निरुपायानें दुसऱ्यास दिलेलें दुःख क्षम्य मानावें, हा व्यवहाराचा जुना न्याय. परंतु उपाय सांपडतांच तीच कृति अपराध ठरते. कृति बदलत नाहीं, सबब तेवढी जाते. कांहीं जाती पडद्यास सहजीं सोंड लावीत नाहींत. त्यांच्यापुरती ती सबब अद्याप खरी. बाकीच्यांच्या बाबतींत, जुनें तें सोयीचें आणि स्वस्त, एवढेंच कारण उरतें. आणि स्वस्ताईस निरुपाय म्हणणें ही आत्मवंचना होय. ही कसोटी प्रयोगशाळेपुरतीच कां ठेवावी? दुसऱ्याच्या अंगावर लादलेले कष्ट, मोल दिलें कीं फिटले, असें आपण घरोघर मानतों. त्यांत खरा निरुपाय किती आणि केवळ संवय किती, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं तपासून पाहावें.