ऑथेल्लोनं तिला विचारलं का नाही?

कॉलेजात 'ऑथेल्लो' शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. मत्सर. त्याखाली दोन रेघा मारल्या. म्हणजे विषय संपला. माणसात एक दोष असतो, तो वाढत जातो, त्यातून शोकांतिका होते. हेच परीक्षेत लिहा, पंधरापैकी दहा कुठं जात नाहीत. मी उठून विचारलं, सर, पण तो काळा होता त्याचं काय? सर म्हणाले, तो मुद्दा गौण. मत्सर वैश्विक आहे. वर्ग हसला. मी खाली बसलो.

वैश्विक! आपलं घर गावात कुठल्या अंगाला आहे हे ज्यांना कधी सांगावं लागलं नाही, त्यांना सगळंच वैश्विक दिसतं.

दोस्तांनो, तो मुद्दा गौण कसा? नाटक उघडतं तेच मुळी शिवीनं. व्हेनिसमध्ये रात्रीच्या अंधारात इयागो एका सेनेटरच्या घराखाली बोंबलतो, तुझी पोरगी काळ्याबरोबर पळाली. नुसतं सांगत नाही, जनावरांच्या उपमा देऊन सांगतो, गोठ्यातल्या भाषेत. हा सेनेटर ब्रॅबॅन्शिओ, म्हणजे डेस्डेमोनाचा बाप, ऑथेल्लोला घरी बोलवायचा. त्याच्या लढायांच्या, गुलाम म्हणून विकला गेल्याच्या हकिगती आवडीनं ऐकायचा. हकिगती सांगायला काळा चालतो, जावई म्हणून चालत नाही. आपल्या पोरीनं आपल्या अकलेनं हा नवरा निवडला, हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही. यानं करणी केली, पोरीला मंतरलं, असं तो भर सभेत म्हणतो. ड्यूकला ऑथेल्लोचं म्हणणं पटतं, खरं आहे. पण त्याच रात्री तुर्कांचं आरमार सायप्रसवर निघालेलं असतं आणि व्हेनिसला लढणारा माणूस पाहिजे असतो, हेही खरं आहे.

आता तिसरा अंक. सगळी मेख इथंच आहे. इयागो ऑथेल्लोला पहिल्यांदा रुमाल दाखवत नाही. तो म्हणतो, आमच्याकडच्या बायकांची तऱ्हा मला ठाऊक आहे. बघा, 'आमच्याकडच्या'. तू परका, तुला कळायचं नाही. मी इथला, मी जाणकार. मग आठवण देतो, तिनं बापाला फसवलंच ना? मग शेवटचं हत्यार काढतो. आपल्या देशाची, आपल्या रंगाची, आपल्या तोलाची स्थळं सोडून ती तुझ्याकडं आली, हेच निसर्गाला धरून नाही. उद्या भानावर आली की आपल्यातल्यांशी तुझी तुलना करील.

आणि हा सेनापती, ज्याच्या एका शब्दावर भर रस्त्यात उपसलेल्या तलवारी म्यान होतात, तो हे ऐकून घेतो! चिडत नाही. इयागोच्या कानाखाली वाजवत नाही. उलट एकटा पडल्यावर स्वतःच कारणं जुळवतो. मी काळा आहे, मला या लोकांसारखं गोड बोलता येत नाही, माझं वयही उताराला लागलंय. इयागोनं फक्त दार ढकललं. आत सगळी मांडामांड आधीच झालेली होती.

रुमाल येतो तो त्यानंतर. तिच्या हातून पडतो, एमिलिया उचलते, नवऱ्याला देते, नवरा तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. सगळे रुमालावरच बोलतात. रुमाल म्हणजे आधीच लागलेल्या निकालावर मारलेला शिक्का, दुसरं काय?

आणि हा तिला विचारत नाही. विचारतो तेव्हा निकाल लागलेला असतो, ते विचारणं म्हणजे आरोपपत्र वाचून दाखवणं. ज्या माणसांनी त्याला जावई म्हणून नाकारलं त्यांच्यातल्या एकाचा शब्द खरा, आणि जी सगळं सोडून त्याच्याकडं आली तिचा खोटा. यालाच विश्वासघात म्हणायचा तर तो कुणी केला?

आता माझं सांगतो. 1984 साली मी लग्न केलं. बायको वरच्या जातीतली. लग्न रजिस्टर, तीन साक्षीदार, तिघंही आमचेच. हपिसात तिच्या जातीचा एकजण होता. चांगला माणूस, डबा वाटून खायचा. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "आमच्यातल्या पोरी तुला नाही कळायच्या. पहिली दोन वर्षं ध्येयवाद असतो." एवढंच. त्याच्या मनात पाप होतं असं मला आजही वाटत नाही. पण माझी झोप गेली. दोन वर्षं कधी भरतात ते मी मोजायला लागलो. मग तिच्या भावाचं पत्र आलं. ती शाळेत शिकवायला गेलेली. मी ते फोडलं. एक दिवस ते माझ्या खिशात होतं, मग डिंक लावून तिच्या हातात दिलं. आत काय होतं? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, येऊन जा, एकटी आलीस तरी चालेल. त्या 'एकटी' शब्दावर मी रात्र काढली आणि सकाळी म्हणालो, जा, तुझ्या लोकांत जा. तिनं पाकिटावरचा डिंक बघितला. म्हणाली, "मला विचारायचं होतंस."

विशीत मी वाद घालायचो की डेस्डेमोनाला व्हेनिसनं मारलं, ऑथेल्लोचा फक्त हात. आता माझी जीभ तशी वळत नाही. त्याच्या आत विष कुणी भरलं ते मला माहीत आहे, माझ्यातही त्याच जातीचं भरलेलं आहे. पण शेवटच्या अंकात त्या खोलीत व्हेनिस नसतं, इयागो नसतो. ती असते आणि हा असतो. ती एका रात्रीची, मग अर्ध्या तासाची मुदत मागते. तो देत नाही. अपमान करणाऱ्या ब्रॅबॅन्शिओवर त्यानं हात उचलला नव्हता. हात उचलला तो त्या अपमानात सामील नसलेल्या बाईवर. हे व्यवस्थेच्या नावावर खपवायला मी तयार नाही.

खरं बोलते ती एमिलिया, आणि त्यापायी नवऱ्याच्या हातून मरते. तीच एमिलिया ऑथेल्लोला काळा सैतान म्हणते. मला ते टोचतं. पण दोन्ही एकाच तोंडातून आलंय, त्याला काय करणार?

आणि मरताना ऑथेल्लो काय आठवतो? अलेप्पोत एका तुर्कानं व्हेनिसच्या माणसाला मारलं, व्हेनिसची निंदा केली, तेव्हा आपण त्या तुर्काला कसं भोसकलं, ते. आणि तस्संच स्वतःला भोसकतो. म्हणजे शेवटच्या घटकेलाही तो व्हेनिसचा इमानी शिपाई, आणि ठार मारायचा परकाही तोच! हे वाचून मला आजही रडू येतं. रडू येतं म्हणून मी त्याला माफ करत नाही.

ही गोष्ट मुळात चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाची, 1565 साली छापलेली. त्यात बाईच्याच तोंडी घातलंय की माझ्यावरनं इटलीतल्या पोरींनी शहाणं व्हावं, परक्या वळणाच्या पुरुषाशी लग्न करू नये. मूळ उपदेश हा! 1890 साली देवलांनी मराठीत 'झुंजारराव' केलं. 2006 च्या 'ओंकारा'त विशाल भारद्वाजनं रंगाच्या जागी जात आणली, नायक अर्धा बामण. आणि 1987 साली, वर्णभेदाचं राज्य चालू असताना, जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरात जॉन कानी या काळ्या नटानं ऑथेल्लो केला. काळ्यागोऱ्यांच्या लग्नावरची 1949 ची बंदी तिथं दोनच वर्षांपूर्वी उठली होती. तिथं कुठले सर म्हणाले असते, मुद्दा गौण आहे म्हणून?

हे लिहून झाल्यावर बायकोला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, "एक दिवस नाही. तीन दिवस पत्र तुझ्याकडं होतं. मला तेव्हाच पोस्टाच्या शिक्क्यावरनं कळलं होतं."

वर मी खाडाखोड केलेली नाही.