झाकण्याआधी बघ

सांगली,
१२ मे

चि. सायलीस,


काल फोनवर तू विचारलंस, "आत्या, मिस्त्री बोलायला बरा आहे. ठेवू का विश्वास?" मी "बघू" म्हणून विषय टाळला. या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात एकदा झटक्यात देऊन बसले आणि एकाच घरात दोन माणसांच्या बाबतीत चुकले. ती गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नव्हती, म्हणून लिहिते आहे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आपल्या गावभागातल्या घरात शिरलं, ते तुला आठवत असेल. पाणी ओसरलं, गाळ उपसला आणि मग सगळ्या सांगलीला एकाच वेळी रंगारी आणि वायरमन हवे झाले. माझ्याकडे रंगारी आला तो गोड बोलत. "ताई, तुमचं घर ते माझं घर. दिवाळीच्या आत चकाचक करून देतो." वायरमन आला तो कपाळाला आठ्या घालून. बोर्ड उघडून आतला गाळ दाखवला आणि म्हणाला, "मेन चालू करणार नाही. पाइपातल्या वायरी वाळू देत, मेगर मीटर लावून बघतो, मग बोलू." मी अंधारात कंटाळले होते. दुसरा कुणीही चालू करून देईल म्हणाले, तर म्हणाला, "मग त्यालाच बोलवा."

रंगारी मला देवमाणूस वाटला, वायरमन आडमुठा. रंगाऱ्याने ओल्या भिंतीवर पुट्टी भरून वर प्लॅस्टिक पेंट मारला. आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद झाली. संक्रांतीपर्यंत भिंतीचे पोपडे हाताने निघत होते आणि त्याचा फोन लागत नव्हता. आठ्यावाल्याने केलेलं वायरिंग मात्र आजही माझ्या डोक्यावर दिवा लावतंय.

यातून मी एवढंच शिकले की माणूस बरा की वाईट हे तोंडावरून ठरवण्याच्या भानगडीत पडायचं नाही. ते आपल्याला कळत नाही. काम बघायचं, आणि तेही झाकलं जाण्याच्या आत. घरदुरुस्तीत फसवणूक होते ती पुट्टीखाली, फरशीखाली, भिंतीतल्या पाइपात. दिसणाऱ्या फरशीची रेघ प्रत्येक जण सरळच लावतो.

आता तुझं बाथरूम. खालच्यांचं छत ठिबकतंय आणि तुझा मिस्त्री म्हणतो सगळ्या फरश्या उखडायच्या, ६५,००० रुपये, निम्मे आधी, उद्याच सुरू. त्याला पहिला प्रश्न विचार, "कशावरून?" त्याने खालच्यांच्या घरात जाऊन छत पाहिलं का? ठिबक दिवसरात्र चालू असते की आंघोळीनंतर वाढते, हे विचारलं का? बाथरूमकडे येणाऱ्या पाण्याचा कॉक एक रात्र बंद ठेव. ठिबक थांबली, तर भिंतीतला नळाचा पाइप बघायला हवा. तरीही थांबली नाही, तर नहाणीचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीचं, तोंड घट्ट बंद करून जमिनीवर खायच्या रंगाचं पाणी साठव आणि खाली रंग उतरतो का ते पाहा. पाणी साठवून काही होत नाही, पण नहाणीत बादली ओतली की ठिबकतं, असं दिसलं तर दोष बहुधा नहाणीच्या सांध्यात. तेवढ्यासाठी अख्खी जमीन फोडायची गरज नसते. या तपासात जो मिस्त्री रस घेईल तो निम्मा पास. "ताई, तुम्हाला त्यातलं कळत नाही" म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लाव.

पाणी तुझ्याच बाथरूमचं आहे, हे ठरणं पैशासाठीही गरजेचं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूमची आतली गळती सभासदाच्या खर्चाने दुरुस्त होते. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी हे सोसायटीचं काम.

त्याने जुन्या कामांचे फोटो दाखवले म्हणालीस. फोटो सगळ्यांचे छान येतात. दोन पावसाळे झालेल्या कामाचा पत्ता माग आणि त्या घरी जाऊन ये. मागच्या महिन्यातलं गिऱ्हाईक खूशच असतं. "आपल्या साताऱ्याकडचा आहे" हेही तू दोनदा म्हणालीस. माझा रंगारी तर आपल्याच गल्लीतला होता.

ठरलं की कागद कर. कुठलं वॉटरप्रूफिंग, कुठल्या कंपनीचं, किती डबे, फरशी कोण आणणार, राडारोडा कोण उचलणार, किती दिवस. डबे तुझ्यासमोर फोडू देत आणि रिकामे डबे शेवटपर्यंत घरात राहू देत. पैसे टप्प्याने दे. उचल लागेल तेवढीच, सामान येईल तसे सामानाचे, आणि मोठा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर. थोडी रक्कम पावसाचा पहिला महिना जाईपर्यंत मागे ठेव, पण ते आधीच ठरव. काम झाल्यावर अडवून ठेवलेले पैसे म्हणजे आपणच केलेली फसवणूक. पैसे बँकेतून जाऊ देत आणि कागदावर त्याची सही असू दे. पुढे तक्रारीची वेळ आलीच, तर ग्राहक आयोगापुढे तोच कागद बोलतो. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही लिहून ठेव.

आणि मुख्य गोष्ट. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की फरशी बसवण्याआधी नहाणी बुजवून दोन बोटं पाणी भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण कर. मिस्त्री घाई करेल, त्याचं दुसरं काम खोळंबलेलं असेल. तिथे तू हलू नकोस. पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढ. उद्या गीझर बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते त्यातच कळेल.

एवढं केल्यावर मात्र त्याच्या डोक्यावर उभी राहू नकोस. दिवसातून दोनदा बघ, बाकी वेळ त्याला काम करू दे. संध्याकाळी थापी धुऊन ठेवतो का, झाडून जातो का, आणि चुकून एखादी फरशी तडकली तर आपणहून सांगतो का, एवढं बघितलंस तरी पुष्कळ. चहा घरातल्याच कपात दे. ठरलेल्या दिवशी पैसे देताना पुन्हा घासाघीस नको. त्यानेही तुझ्यावर विश्वास ठेवूनच घाम गाळलेला असतो.

दागिने, रोकड कपाटात ठेवून किल्ली जवळ ठेव. हे त्याच्यावरच्या संशयापोटी सांगत नाही, उद्या तुझ्या मनात संशय येऊ नये म्हणून सांगते. पुराच्या गडबडीत माझा चांदीचा करंडा दिसेना. मी त्या वायरमनला नुसतं विचारलं, "करंडा पाहिलास का रे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तो काही बोलला नाही. काम पुरं केलं, ठरले तेवढेच पैसे मोजून घेतले आणि गेला. महिन्याभराने करंडा सापडला, माळ्यावर तांदळाच्या डब्यात. पाणी चढताना मीच तिथे कोंबला होता. त्याला फोन केला, माफी मागितली. "असू द्या ताई," म्हणाला. पण त्यानंतर बोलावलं की त्याला कधीच वेळ नसतो. रंगाऱ्याने माझे पैसे बुडवले, त्याचं मला आता काही वाटत नाही. वायरमनचं वाटतं.

पावसाला महिनाही उरलेला नाही, तरी तपासाचे चार दिवस घेच. आणि पाणी भरशील त्या दिवशी खालच्या काकूंना आधी सांगून ठेव. त्या छताकडे जेवढ्या बारकाईने बघतील, तेवढ्या बारकाईने तू किंवा मीही बघणार नाही.

तुझी,
आत्या