विशेषनामाचे विस्मरण

मराठी भक्तिपरंपरेने नामस्मरणाला साधना मानले. परंतु ते ईश्वराच्या नामाचे. समोरच्या माणसाचे नाव न आठवणे हा मात्र साधा विसराळूपणा ठरतो, आणि प्राध्यापकाच्या बाबतीत तर कौतुकाचा विषय. सोस्यूरचा सिद्धान्त मुखोद्गत असलेल्या अध्यापकाला तीन वर्षे पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीचे नाव आठवत नाही. (सोस्यूरचा तो ग्रंथही १९१६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरूनच सिद्ध झाला. त्या विद्यार्थ्यांची नावे मराठी समीक्षेत क्वचितच येतात.)

विशेषनाम केवळ निर्देश करते, गुण सांगत नाही, अशी मांडणी जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये केली. १९८७ मधील एका ब्रिटिश प्रयोगाने तिला जणू पुष्टी दिली: एकच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर अधिक लक्षात राहतो, आडनाव म्हणून सांगितला तर निसटतो. परंतु मराठी आडनाव असे अर्थशून्य कोठे असते? पेण-रोह्याकडील वर्गात पाटील, म्हात्रे असा उच्चार होताच गाव, जात, शेती यांविषयीचे अंदाज ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहतात. अध्यापकाच्या ध्यानात राहते ते हे वर्गीकरण. हजेरीपटावरील सात म्हात्र्यांना परस्परांपासून वेगळे करणारे पाळण्यातले नाव तेवढे हरवते. कातकरी वाडीवरून येणारा एकटा मुलगा ‘वाडीवरचा’ म्हणून बिनचूक आठवतो. ही आठवण विस्मरणाहून वाईट.

प्रश्नाची खरी धार विद्यार्थिनीच्या बाबतीत जाणवते. पेण तालुक्यातील गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेले विनायक भावे पुढे विनोबा झाले, त्या नामांतरात गौरव होता. कल्याणची यमुना १८७४ मध्ये विवाह होताच आनंदी झाली, ती रूढी म्हणून. बाळूताई खरे विवाहानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या. १९३३ च्या ‘कळ्यांचे निःश्वास’वरील विभावरी शिरूरकर हे नाव मात्र त्यांनी स्वतः धारण केलेले. ही सोय लेखिकेला असते. बी.ए. होऊन सासरी गेलेल्या मुलीचे आडनाव बहुधा बदलते, कधी पहिले नावही. जुने नाव पदवीपत्रावर उरते, आणि फार तर अध्यापकाच्या स्मृतीत.

अशी एखादी माजी विद्यार्थिनी रोह्याच्या स्थानकावर, कडेवर मूल घेऊन, समोर येते. ‘ओळखलंत का, सर?’ सर ‘हो, हो’ म्हणतात. ती नवे नाव सांगत नाही. जुने नाव त्यांच्या तोंडून येईल म्हणून क्षणभर थांबते. सासरी त्या नावाने हाक मारणारे कोणी नाही.