सुवर्णसीता आणि सहधर्म

विवाह कशासाठी, या प्रश्नाला धर्मशास्त्राने दिलेले उत्तर तीन शब्दांत सांगता येते: धर्म, प्रजा आणि रती. हा क्रमही अर्थपूर्ण मानला गेला आहे. आज विवाहाचा विचार ज्या गोष्टीपासून बहुधा सुरू होतो, ती परस्परांविषयीची ओढ या क्रमात शेवटी येते. ती निषिद्ध नाही. काम हा पुरुषार्थच आहे. परंतु केवळ तेवढ्यासाठी विवाह असतो, असे या शास्त्राने मानले नाही. विवाह हा संस्कार आहे, आणि संस्कार माणसाला त्याच्याहून व्यापक अशा व्यवस्थेत स्थान देतो, ही त्यामागील धारणा होय.

या धारणेचे मूळ ऋणकल्पनेत आहे. देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने आणि पितरांचे प्रजेने फेडावयाचे असते. यांतील दोन ऋणे पत्नीवाचून फिटत नाहीत. ‘पत्नी’ या शब्दाची सिद्धी सांगताना पाणिनीनेही यज्ञातील संबंध हेच निमित्त दिले आहे. पाणिग्रहणापासून पती आणि पत्नी कर्मांत व त्यांच्या पुण्यफलांत एकत्र असतात, त्यांच्यात विभागणी नाही, असे आपस्तंबाचे धर्मसूत्र सांगते. विवाहाला दोघांच्या आवडीनिवडींत कोंडून न ठेवता पितर, अतिथी, विद्यार्थी आणि संन्यासी यांच्याशी जोडणारा हा विचार क्षुद्र नव्हे.

तरीही एक प्रश्न उरतो. अशा व्यापक प्रयोजनासाठी दोघे एकत्र येतात, तेव्हा ती दोघेही त्या प्रयोजनाची वाटेकरी असतात, की एक वाटेकरी आणि दुसरे केवळ साधन? सूत्रांत हा प्रश्न फारसा उघडपणे विचारलेला नाही. कथांना मात्र तो टाळता आलेला नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील जरत्कारूची कथा प्रजेच्या प्रयोजनाची आहे. ब्रह्मचर्याने राहणाऱ्या या तपस्व्याला एका खड्ड्यात गवताच्या काडीच्या आधाराने उलटे लोंबकळणारे पितर दिसतात. त्या काडीचे मूळ उंदीर कुरतडत असतो. वंश खुंटत आला म्हणून आपली ही अवस्था झाली, असे ते सांगतात. जरत्कारू विवाहाला तयार होतो, पण अटी घालून. वधू आपल्याच नावाची असावी, भिक्षेसारखी मिळावी, तिच्या पोषणाचा भार आपल्यावर नसावा. वासुकी नाग आपली बहीण त्याला देतो. त्यालाही नागकुळाचे रक्षण करणारा भाचा हवा असतो. एका सायंकाळी पती तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला असतो आणि सूर्य मावळतीला जातो. उठवावे तर त्याचा कोप, न उठवावे तर संध्यावंदन चुकून त्याच्या धर्माचा लोप. ती धर्माला जपते, त्याला उठवते, आणि अपमान झाला असे मानून तो तिला सोडून निघून जातो. तोवर आस्तीक तिच्या गर्भात असतो. पितर तरतात आणि पुढे जनमेजयाच्या सर्पसत्रातून नागही वाचतात. पतीचे आणि माहेरचे, दोन्ही हेतू तिने सिद्धीस नेले. सहधर्मचारिणीचे कर्तव्य ज्या क्षणी तिने नेमके पार पाडले, त्याच क्षणी तिचा संसार मोडला.

धर्माच्या प्रयोजनाची कसोटी रामायणाच्या उत्तरकांडात लागते. सीतेचा त्याग केल्यानंतर रामाने दुसरी पत्नी केली नाही. यज्ञात पत्नीचे स्थान रिकामे ठेवता येत नाही, म्हणून तेथे सीतेची सुवर्णप्रतिमा बसविण्यात आली. रामाच्या एकनिष्ठेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पत्नीवाचून यज्ञ होत नाही, असा पत्नीचा गौरव ज्या विधीने केला, त्याच विधीला तिची प्रतिमा पुरली. पद अनिवार्य ठरले. त्या पदावरील व्यक्ती अनिवार्य ठरली नाही.

आठव्या शतकातील भवभूतीला ही अडचण जाणवली असावी. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात अदृश्य रूपातील सीता रामाचे बोलणे ऐकते. अश्वमेधासाठी आपल्याला सहधर्मचारिणी आहे, हे शब्द कानी पडताच ती व्याकूळ होते. ती सहधर्मचारिणी म्हणजे आपलीच सोन्याची मूर्ती, हे कळल्यावर तिच्या मनातील परित्यागाचे शल्य निघते. भवभूतीच्या दृष्टीने प्रतिमा सीतेची जागा भरून काढीत नाही, ती तिच्यासाठी राखून ठेवते. उत्तरकांडाने मात्र इतके सांत्वन दिलेले नाही. यज्ञमंडपात खरी सीता येते तेव्हा तिच्याकडे पुन्हा शुद्धीची शपथ मागितली जाते. ती पृथ्वीच्या उदरात जाते. प्रतिमेच्या शेजारचा पुरुष तिला परत मिळवावासा वाटत नाही.

स्मृतींतही हा ताण आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मरणापर्यंत परस्परांशी अव्यभिचार हे स्त्रीपुरुषांच्या धर्माचे सार म्हटले आहे. त्याच अध्यायात अपत्य न झालेल्या स्त्रीवर आठव्या वर्षी सवत आणण्याची मुभा पतीला दिली आहे. पहिल्या वचनात पत्नी धर्माची वाटेकरी आहे. दुसऱ्यात ती प्रजेचे साधन आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा ताण मुंबईच्या न्यायालयात आला. बालपणी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. १८८७ मध्ये मात्र पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगात जावे, असा आदेश झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. ज्या दाव्याच्या समर्थनार्थ हिंदू परंपरेचा कैवार घेतला गेला, तो दावाच मुळात इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतून आलेला होता. संमतीवाचून घडविलेला सहवास हा सहधर्म कसा होईल, हा रखमाबाईंच्या नकारात दडलेला प्रश्न परंपरेच्या कैवाऱ्यांनी आपल्याच शास्त्राला विचारला नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व बंधनकारक केले, घटस्फोटाची वाट मोकळी केली, आणि रूढीनुसार सप्तपदी असेल तेथे सातव्या पावलाने विवाह पूर्ण होतो, हेही मान्य केले. कायदा अशा रीतीने व्यक्तीला विधीपासून न तोडता तिचे रक्षण करू पाहतो. परंतु विवाह कशासाठी, हे कायदा सांगू शकत नाही.

त्यासाठी परंपरेकडेच परतावे लागते. महाराष्ट्रातील विवाहविधीत कन्यादानाच्या वेळी, धर्म, अर्थ आणि काम या बाबतींत हिला डावलणार नाही, असे वचन वराकडून घेतले जाते. या वचनात अपत्याची अट नाही, आणि पत्नीने कोणते प्रयोजन साधून द्यावे, अशी मागणीही नाही. प्रयोजने पुढे आहेत. त्यांच्याकडे जाताना तिला मागे टाकावयाचे नाही, एवढेच त्यात सांगितले आहे. या वचनाच्या कसोटीवर जरत्कारू उतरत नाही, आणि राजधर्मासाठी पत्नीला वनात धाडणारा रामही उतरत नाही. ही कसोटी बाहेरून आणलेली नाही. ती त्याच विधीत आहे. वर ती म्हणतो आणि मंडप ऐकतो. मात्र तिचा अर्थ दोघांनी आयुष्यभर लावावयाचा असतो.