फजीत नायिका आणि हसणारा वाचक

हलकीफुलकी प्रेमकथा म्हटली कीं तिच्याकडे गंभीर दृष्टीनें पाहण्याची आपणांस लाज वाटते. अशी कादंबरी आगगाडींत वाचावी, आजारांतून उठल्यावर वाचावी, आणि कोणीं विचारलेंच तर वेळ जात नव्हता म्हणून वाचली असें सांगावें, असा एक अलिखित शिष्टाचार आहे. तथापि या हलक्या वाङ्मयांत एक प्रश्न असा दडलेला आहे कीं, त्याचें उत्तर देतांना भल्याभल्या तत्त्वज्ञांची तारांबळ उडावी. नायिका वेंधळी असते. ती नको तेथें नको तें बोलते, चारचौघांत तिची फजिती होते, आणि वाचक हसतो. परंतु ज्या क्षणीं तो हसतो त्याच क्षणीं ती त्याला अधिक प्रिय होते. एखाद्याच्या फजितीला हसणें आणि त्याच्यावर माया करणें या दोन क्रिया एकाच अंतःकरणांत एकाच वेळीं कशा नांदतात? आणि नांदत असतील, तर त्या मायेची किंमत ती काय?

ज्यांनीं हास्याचा विचार केला त्यांपैकीं पुष्कळांनीं हें सख्य अशक्य मानलें आहे. प्लेटोच्या मतें आपण हसतों तें आपल्या मित्राच्या स्वतःविषयींच्या अज्ञानास, आणि त्या हसण्यांत सुखाबरोबर असूयेची भेसळ असते. हॉब्सला हास्यांत स्वतःच्या श्रेष्ठत्वाची एकाएकीं झालेली जाणीव दिसली. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसां यानें तर १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, हृदय क्षणभर बधिर झाल्यावाचून हसूं फुटतच नाहीं. या तिघांचें खरें मानावें तर वेंधळ्या नायिकेवरील आपली माया हें एक ढोंग ठरतें. आपल्याकडे भरतानें हास्याचा उगम शृंगारांत पाहिला, हें प्रेमकथेच्या वाचकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. शिवाय त्यानें स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार सांगून ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतीच्या माणसांस दोन दोन असे वांटून दिले. हसें कोणाचें झालें एवढ्यावर न थांबतां हसणारा कोण हेंहि तो विचारतो. मला हा प्रश्न अधिक मार्मिक वाटतो.

चर्चा हवेंत राहूं नये म्हणून एक कादंबरी घेऊं. जेन ऑस्टिनची ‘नॉर्थँगर ॲबी’ ही वेंधळ्या नायिकेच्या कुळाची एक मूळ आजी होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली ही कादंबरी १८०३ सालीं एका प्रकाशकानें दहा पौंडांस विकत घेतली आणि न छापतां तशीच ठेवून दिली. पुढें १८१६ मध्यें तितकीच रक्कम देऊन ती परत मिळवावी लागली. आणि १८१७ च्या जुलैंत लेखिका वारल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती प्रसिद्ध झाली. आपल्या सर्वांत आनंदी पुस्तकाचें छापील रूप पाहणें लेखिकेच्या नशिबीं नव्हतें.

नायिका कॅथरिन मोरलंड ही खेड्यांतील एका पाद्र्याच्या दहा मुलांपैकीं एक. लहानपणीं ती दिसायला सामान्य, अभ्यासांत बेताची, आणि बाहुल्यांपेक्षां क्रिकेट व घरामागच्या हिरवळीच्या उतारावरून लोळत येणें यांची शौकीन. सतराव्या वर्षीं ती शेजाऱ्यांबरोबर बाथ या शहरीं जाते. तेथल्या पहिल्या नाचाच्या रात्रीं सभागृह माणसांनीं फुललेलें असतें, पण हिच्या ओळखीचें एकहि नसतें. बरोबरच्या मिसेस ॲलन बाई आपल्या ओळखीचें कोणी असतें तर किती बरें झालें असतें, एवढें एकच वाक्य पुनःपुन्हां म्हणत राहतात. अनोळखी मेजवानींत हातांतला पेला कोठें ठेवावा हें ज्याला कळलें नाहीं, त्याला या प्रसंगाची गोडी वेगळी सांगावयास नको.

पण ऑस्टिनची नायिका केवळ गोंधळलेली नाहीं, तिच्या गोंधळाला एक कारण आहे. हेन्री टिलनी व त्याची बहीण एलिनर यांच्याबरोबर फिरावयास जाण्याचें तिनें कबूल केलेलें असतें. जॉन थॉर्प नांवाचा एक बढाईखोर तरुण, टिलनी आपल्या गाडींतून दुसरीकडे निघून गेला अशी थाप देऊन तिला स्वतःच्या गाडींत बसवतो. वाटेंत तींच बहीणभावंडें पायीं येतांना दिसतात. ती गाडी थांबवावयास सांगते; तो हसत घोडा दामटतो. पुढें नाटकगृहांत हेन्री भेटतो तेव्हां तो सभ्य पण थंड असतो. अशा वेळीं जुन्या कादंबऱ्यांतील मानी नायिका काय करील? ती ओठ मिटून बसेल आणि गैरसमज दोनशें पृष्ठें पुरवील. कॅथरिनला हें जमत नाहीं. तो दिसतांच ती सगळें एका दमांत सांगून टाकते. गाडी थांबली असती तर आपण उडी टाकून मागें धांवत आलों असतों, असेंहि म्हणते. कांहीं दिवसांनीं थॉर्प पुन्हां तिच्या नांवानें खोटा निरोप देतो. तेव्हां ती भर रस्त्यांतून टिलनींच्या बिऱ्हाडापर्यंत जवळजवळ पळत जाते, नोकराला मागें टाकून दिवाणखान्यांत शिरते आणि धापा टाकीत खुलासा करते. शिष्टाचाराच्या दृष्टीनें ही शुद्ध फजिती होय. आपण हसतों. पण ज्याला हसतों तो तिचा खोटें बोलण्याचा अनभ्यास आहे. बर्गसां ज्याला यांत्रिकपणा म्हणतो तो येथें कॅथरिनमध्यें नसून भोवतालच्या सफाईदार माणसांत आहे. हृदय बधिर करण्याची येथें गरजच पडत नाहीं, कारण हसूं आणणारा गुण आणि माया उपजवणारा गुण हे दोन नाहींतच.

आतां नॉर्थँगर ॲबीमधील प्रसंग पाहावे. मिसेस रॅडक्लिफच्या १७९४ सालच्या ‘उडॉल्फो’सारख्या भयकथा वाचून वाचून कॅथरिनचें डोकें भुयारांनीं आणि हाडांच्या सांगाड्यांनीं भरलेलें असतें. हेन्रीच्या घरीं पाहुणी म्हणून आलेली ही मुलगी वादळी रात्रीं एक जुनें कपाट उघडते, आंत कागदांची गुंडाळी सांपडते, मेणबत्ती विझते, आणि बऱ्याच रात्रीपर्यंत तिचा डोळा लागत नाहीं. सकाळीं पाहते तों तीं कपडे धुण्याचीं बिलें! येथवर विनोद निरुपद्रवी आहे. परंतु पुढें ती मनाशीं असें ठरवते कीं, हेन्रीचा बाप जनरल टिलनी यानें आपल्या बायकोचा जीव घेतला असला पाहिजे, किंवा तिला कोठें तरी कोंडून ठेवलें असलें पाहिजे. मृत बाईची खोली चोरून पाहून ती बाहेर पडते तोंच हेन्रीची गांठ पडते. तिच्या मनांत काय आहे हें तो ओळखतो आणि तिला विचारतो कीं, आपण कोणत्या देशांत आणि कोणत्या काळांत राहतों याचा तरी विचार केलास काय? ती रडत आपल्या खोलीकडे पळून जाते. वाचकालाहि तिच्याबरोबर शरम वाटते, आणि मनांत एक शहाणपणाचें समाधानहि वाटतें. आपण असे मूर्ख नाहीं, हें तें समाधान.

हें समाधान ऑस्टिन फार दिवस टिकूं देत नाहीं. कॅथरिन श्रीमंत वारसदार आहे अशा समजुतीनें तिला घरीं आणणारा जनरल, ती तशी नाहीं असें कळतांच, सकाळीं सात वाजतां तिला घराबाहेर काढतो. बरोबर नोकर नाहीं, कारण सांगितलें नाहीं, आणि प्रवास सत्तर मैलांचा. एलिनरनें आयत्या वेळीं पैसे दिले नसते तर भाड्यापुरतीहि रक्कम तिच्या गांठीं नव्हती. त्यानें खून केलेला नव्हता, हें खरें. तरी त्याच्या स्वभावाविषयीं तिनें बांधलेला अंदाज फारसा चुकलेला नव्हता, असें लेखिका शेवटीं जवळजवळ उघडच म्हणते. सभ्य इंग्लंडांत असें कांहीं घडत नाहीं, हा हेन्रीचा युक्तिवाद त्याच्या स्वतःच्या बापानें खोटा पाडला. मग खुळें कोण? कपाटांत सांगाडे शोधणारी मुलगी, कीं घरांतील निर्दयपणा वर्षानुवर्षें पाहूनहि त्याला सभ्यता समजणारा सुशिक्षित मुलगा? आणि त्या मुलाच्या बाजूनें हसलेला वाचक?

ज्या हास्यांत हसणाऱ्यालाहि झाडा द्यावा लागतो तें हास्य मला निर्दोष वाटतें. तशी सोय नसेल तर हॉब्स म्हणतो तेंच खरें.

आजचा वाचक येथें हरकत घेईल. तो म्हणेल, श्रेष्ठत्वाची गोष्ट कशाला काढतां? आम्ही तिला हसतों तें ती आमच्यासारखी आहे म्हणून. हा युक्तिवाद आज फार लोकप्रिय आहे, आणि हेलन फील्डिंगची ‘ब्रिजेट जोन्सची डायरी’ हें त्याचें ठळक उदाहरण होय. १९९५ सालीं एका लंडनी दैनिकांत सदर म्हणून सुरू झालेली ही डायरी १९९६ मध्यें पुस्तकरूपानें आली आणि २००१ मध्यें पडद्यावर गेली. तिचा सांगाडा लेखिकेनें ऑस्टिनच्याच ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून राजरोस घेतला आहे, नायकाचें आडनांवसुद्धां डार्सी ठेवलें आहे. तिशीची, अविवाहित ब्रिजेट रोजच्या नोंदीच्या आरंभीं आपलें वजन, प्यालेली दारू आणि ओढलेल्या सिगारेटी यांचा हिशेब मांडते. सूप करतांना दोऱ्याचा रंग उतरून तें निळें होतें. वेषांतराची कल्पना रद्द झाल्याचें न कळल्यामुळें ती सशाच्या तोकड्या वेषांत साध्या कपड्यांतील मंडळींत जाऊन उभी राहते. पुस्तक खरोखर गमतीचें आहे, आणि फजिती स्वतः नायिकाच सांगत असल्यामुळें तिच्यांत क्रौर्य नाहीं. आमच्या चिमणरावानेंहि आपल्या फजित्या स्वमुखानेंच सांगितल्या. मात्र असें जाहीर फजीत होण्याचा अधिकार आमच्या विनोदी वाङ्मयानें दीर्घकाळ बहुधा पुरुषांनाच दिला, नायिकेला सुंदर आणि सोशिक राहण्याची सक्ती केली, ही खंत येथें नोंदून ठेवतों.

तरीहि ‘ती माझ्यासारखी आहे’ या वाक्याचा मला थोडा संशय येतो. तिच्यावरील माया ही मग तिच्यावरील कितपत, आणि माझ्यावरील कितपत? जो दोष मी माझ्यांत ओळखतों तो तिच्यांत लाडका झालेला पाहिला, आणि शेवटीं त्या दोषासकट तिला डार्सी मिळाला, म्हणजे माझ्या दोषालाहि परस्पर माफी मिळते. कॅथरिन अशी माफी देत नाहीं. ती माझ्यासारखी आहे म्हणून मी तिच्याजवळ जातों, आणि जवळ गेल्यावर कळतें कीं, तिच्यांत माझ्याजवळ नसलेलें कांहीं आहे. मला चूक कळली तर मी आधीं सबब शोधतों. ती धांवत जाऊन सांगते. ब्रिजेटमध्यें असें कांहींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु तिच्या पुष्कळ वाचकांनीं तिचें वजन तेवढें लक्षांत ठेवलें आणि तिचा दिलदारपणा विसरले, याला हा साम्याचा मोहच कारण असावा.

या मायेची परीक्षा पाहावयाची असेल तर ती नायिकेवर पाहून भागत नाहीं. नायिका कितीहि वेंधळी झाली तरी ती तरुण असते, आणि लग्न तिच्यासाठीं शेवटच्या प्रकरणांत राखून ठेवलेलें असतें. म्हणून ऑस्टिनच्याच ‘एमा’ या १८१५ सालच्या कादंबरीकडे वळलें पाहिजे. तिच्यांत मिस बेट्स नांवाची एक प्रौढ कुमारिका आहे. गरीब, मनानें भली, आणि अखंड बोलणारी. वेंधळेपणांत ती कॅथरिनला हार जाणार नाहीं. पण ती नायिका नव्हे. बॉक्स हिलवरच्या सहलींत खेळ निघतो कीं, प्रत्येकानें एक फार चतुर, दोन बऱ्या, किंवा तीन अगदीं रटाळ गोष्टी बोलाव्या. मिस बेट्स भाबडेपणानें म्हणते, तीन रटाळ गोष्टी तर मी तोंड उघडतांच बोलेन. त्यावर सुंदर, श्रीमंत, हजरजबाबी एमा म्हणते कीं, अडचण एवढीच, एका वेळीं फक्त तीनच बोलावयाची मुभा आहे. मिस बेट्सला तें लगेच उमगत नाहीं. उमगतें तेव्हां ती रागावत नाहीं, किंचित लाल होते, आणि जुन्या मैत्रिणीनें असें म्हटलें तेव्हां आपण फारच कंटाळवाणीं असलों पाहिजे, असें पुटपुटते.

पहिल्यांदा वाचतांना एमाच्या त्या कोटीला आपण हसलेलों असतों. नाइटलीनें तिची कानउघाडणी केल्यावर आपण ती शांतपणें ऐकून घेतों, कारण ती आपलीहि असते. श्रीमंत बाईला हसलीस तर मी कांहीं म्हणालों नसतों, असा त्याचा मुद्दा आहे. ही बाई गरीब आहे, वाढत्या वयाबरोबर आणखी गरीब होणार आहे, आणि तुझें पाहून बाकीचे तिला हसणार आहेत. वेंधळी नायिका वाचतांना जी उदार माया आपल्या मनांत दाटून येते ती मिस बेट्सपर्यंत पोंचत नसेल, तर भरताच्या वांटणींत आपला नंबर कोठें लागतो हें ज्याचें त्यानें पाहावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं एमा एकटीच मिस बेट्सच्या घरीं जाते. आरंभीं मिस बेट्सच्या बोलण्यांत नेहमींचा मोकळेपणा नसतो. एमा तिच्या भाचीची, जेनची, आस्थेनें चौकशी करते. आणि मग तीं लांबलचक, न संपणारीं, आभारांनीं भरलेलीं वाक्यें पुन्हां सुरू होतात, आणि एमा तीं ऐकत बसते.