कानाची पारख

सुरतेच्या महिधरपुऱ्यात भिंग लावल्याशिवाय हिऱ्याचा व्यवहार होत नाही. खाणीतला हिरा आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा भिंगालाही सहज ओळखता येत नाहीत, तेव्हा यंत्र लावतात. जरीतही खऱ्या जरीला चांदीची तार, नकलीला तांब्याची. नकली जरी नकली म्हणून विकण्यात कमीपणा नाही.

उंची ध्वनियंत्रांच्या बाजारात मात्र स्पीकरच्या तारेला हजारो रुपये पडतात. म्हणे, तिने तंबोरा अधिक गोल वाजतो! वास्तविक तार पुरेशी जाड आणि जोड घट्ट असला की झाले. २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची तार साध्या तारेपासून केवळ ऐकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले. ती चाचणी झालीच नाही.

पण घेणारा म्हणतो, "मला फरक जाणवतो." तो खोटे बोलत नसतो. महाग तार जोडली की माणूस दिवा मंद करतो, फोन बाजूला ठेवतो, एकाग्र होऊन बसतो. एरवी निसटणारी श्रुती कानात भरते. आनंद खराच, पण तो लक्ष देण्यातून आला, तारेतून नव्हे. मग फसवणूक कुठे झाली? माझ्या मते, त्याचेच लक्ष त्याला विकत दिले गेले, इथे. पैसे गेले हे त्या मानाने किरकोळ. ज्याला फरक जाणवत नाही, त्याला विक्रेता हळूच सांगतो, "तुमचा कान अजून तयार नाही," आणि तो बिचारा घरी जाऊन स्वतःच्या कानावरच शंका घेऊ लागतो. महिधरपुऱ्यात गिऱ्हाइकाला असे कोणी म्हणाले, तर गिऱ्हाईक भिंग मागेल.